हेडफोनची जोड : एका माजी विद्यार्थ्याच्या निमित्ताने

स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे ते संस्थेच्या वाटचालीविषयी, असा आजवरचा संकेत आहे. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय असल्यामुळे तो संकेत आम्हीही निष्ठेने पाळत आलो. यंदा मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने एका लहानशा विषयावर लिहीत आहोत. विषय लहान असला तरी आपल्या अनेक घरांशी आणि वसतिगृहातील मुलांच्या कानांशी त्याचा संबंध आहे.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज गायन पार्ट्यांतून वाजवितात. पूर्वी पेटी, ढोलकी आणि बँजो एवढ्यावर कार्यक्रम उभा राहत असे; आता त्यांच्या जोडीला ऑक्टोपॅड, की-बोर्ड आणि गिटार आले आहेत. ही मुले विद्यालयाला विसरत नाहीत. संगीत कक्षासाठी कोणी वाद्य पाठवितो, कोणी तारा, तर कोणी हेडफोन. या हेडफोनांपैकी काही आज कपाटात पडून आहेत. ते मोडलेले नाहीत. ज्या यंत्राला ते जोडावयाचे त्याच्याशी त्यांची जोड जमत नाही, एवढेच. ही जोड म्हणजे काय, हे आम्हांला जुहूला राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यामुळे नीट उमगले.

जुहू म्हटले की समुद्रकिनारा, चित्रपट कलावंतांचे बंगले आणि १९७८ साली सुरू झालेले पृथ्वी थिएटर आठवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या विमानतळावर उतरले, तो जुहूचा विमानतळ आठवतो. त्याच जुहूत नेहरूनगरची दाट वस्तीही आहे. आमचा हा विद्यार्थी तेथे एका खोलीत आई आणि धाकट्या बहिणीसह राहतो. दिवसा घरपोच माल पोहोचविण्याचे काम, सायंकाळी कार्यक्रम असेल तर कार्यक्रम, आणि सरावाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. आई जुहू स्कीममधील दोन घरी कामाला जाते व पहाटे पाचला उठते. बहीण दहावीला. दोन घरांमध्ये पत्र्याची एकच भिंत. अशा घरात रात्री गिटारचा अॅम्प्लिफायर लावणे म्हणजे आईची झोप, बहिणीचा अभ्यास आणि शेजाऱ्यांचा जिव्हाळा या तिन्ही गोष्टी एकदम गमावणे होय.

म्हणून त्याने हप्त्याने एक गिटार प्रोसेसर घेतला. ज्यांना हे यंत्र परिचित नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, पायाने चालविता येणारी ही एक पेटी असते. इलेक्ट्रिक गिटारची वायर तिच्यात लावली की निरनिराळ्या अॅम्प्लिफायरांचे आवाज, घुमारा, प्रतिध्वनी असे परिणाम ती निर्माण करते आणि तिच्या हेडफोनच्या छिद्रातून ते केवळ वादकाच्या कानी पडतात. शेजारी झोपलेल्याला ऐकू येते ती तारांची किणकिण तेवढी.

या छिद्रात जी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन बसते, तिचा वंश फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यावर बसलेले कर्मचारी एका ग्राहकाची तार दुसऱ्याला जोडण्यासाठी अशाच पिना वापरीत. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. म्हणजे जुहूच्या खोलीतील हा तरुण आपल्या गिटारला जी पिन लावतो, तिचे पूर्वज या शहरात १४० वर्षांपूर्वीच येऊन राहिले होते. हेडफोनचेही तसेच. १९१० साली अमेरिकेच्या नौदलाने नॅथॅनिएल बाल्डविन यांच्याकडून हेडफोन घेतले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळी स्फटिकाच्या साध्या संचावर कार्यक्रम ऐकणाऱ्यांना हेडफोन कानाला लावल्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण त्या संचात विजेचे बळच नसे. त्या हेडफोनांचा इम्पिडन्स २,००० ओहम किंवा त्याहूनही अधिक असे. आजच्या मोबाइलचे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात. या दोन आकड्यांमधील अंतरातच आमच्या विषयाचे मर्म आहे.

झाले असे की, आई ज्या घरी काम करते तेथील गृहस्थ ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातले. त्यांनी मुलाला वाजविण्याची आवड आहे हे ऐकून आपले जुने, स्टुडिओत वापरलेले हेडफोन भेट दिले. नामांकित कंपनीचे, वजनदार, कानावर गादीसारखे बसणारे. मुलाने मोठ्या हर्षाने ते प्रोसेसरला लावले, आणि त्याचा विरस झाला. त्याने आम्हांला फोन केला. म्हणाला, "सर, आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा. बटण शेवटपर्यंत फिरविले तरी पंख्याचा आवाज जास्त ऐकू येतो. मशीन बिघडले असेल का?" एका दुकानदाराने त्याला स्वतंत्र हेडफोन अॅम्प्लिफायर घ्यावयास सांगितले होते, त्याची किंमत त्याच्या दोन हप्त्यांएवढी होती. आम्ही म्हणालो, "बाळा, रविवारपर्यंत काही विकत घेऊ नकोस. आम्ही येतो."

विज्ञानाच्या शिक्षकांशी आम्ही तीन संध्याकाळी चर्चा केली, प्रयोगशाळेतील मल्टिमीटर मागून घेतला आणि रविवारी विलेपार्ले स्थानकावर उतरून नेहरूनगर गाठले.

इम्पिडन्स म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा. वस्तीतल्या मुलाला हे समजावयास नळाचे पाणी पुरेसे आहे. उंचावरच्या टाकीतील पाण्याचा जोर हा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट. नळी जितकी बारीक तितका अडथळा, म्हणजे ओहम, अधिक. ठरावीक उंचीच्या टाकीला बारीक नळी लावली तर पाणी थेंब थेंब येते. तिला टाकीच आणखी उंच हवी. रुंद नळीला मात्र कमी उंचीही चालते, पण पाण्याचा साठा भरपूर हवा. प्रोसेसर ही बुटकी टाकी होय. ९ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर वा यूएसबीवर चालणारी छोटी यंत्रे उंच दाब देऊ शकत नाहीत. स्टुडिओतील हेडफोन ही बारीक नळी.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून आम्ही हेडफोनच्या पिनेचे टोक आणि बूड यांना त्याच्या सुया लावल्या. आकडा २४५च्या आसपास आला. म्हणजे हेडफोन २५० ओहमचे. मल्टिमीटर सरळ प्रवाहाचा रोध दाखवितो, त्यामुळे तो छापील आकड्याहून किंचित कमीच येतो. पण हेडफोनची जात ओळखण्यास तेवढे पुरते. मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनचा आकडा १५ आला, म्हणजे ते १६ ओहमचे.

यापुढचा प्रश्न असा की, यंत्र देते किती? त्याच्या माहितीपुस्तिकेत ३२ ओहमच्या भारावर प्रत्येक कानास २० मिलिवॉट असे छापले होते. २० मिलिवॉट आणि ३२ ओहम यांवरून दाब निघतो ०.८ व्होल्ट. पण टाकीच्या तोंडाशीच एक अर्धवट मिटलेली चावी असते; यंत्राचा स्वतःचा अडथळा, ज्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. तो पुस्तिकेत नव्हता, म्हणून मोजला. मोबाइलवरून २०० कंपनांचा एकसुरी नाद प्रोसेसरच्या ऑक्स-इनमध्ये सोडला आणि हेडफोनच्या छिद्रावरचा दाब मोजला : ०.६० व्होल्ट. मग तेथे ३३ ओहमचा एक रोधक जोडला, दाब ०.४५ व्होल्टवर आला. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून त्यातून १ वजा करावा आणि उरलेल्यास ३३ ने गुणावे, की यंत्राचा अडथळा मिळतो : ११ ओहम. रोधकाची किंमत रुपया-दोन रुपये.

आता हिशेब मांडता आला. हेडफोनच्या खोक्यावर ओहमशेजारी आणखी एक आकडा असतो, संवेदनशीलता; १ मिलिवॉट दिल्यास किती डेसिबल आवाज निघेल याचा. ती सर्वत्र ९६ आहे असे धरू. या यंत्रावर ३२ ओहमचा हेडफोन लावला तर कमाल आवाज सुमारे १०९ डेसिबल, ८० ओहमचा लावला तर १०६, २५० ओहमचा लावला तर १०२, आणि ६०० ओहमचा लावला तर ९९. वाचक म्हणतील, १०२ म्हणजे पुष्कळच की! पण ही कमाल मर्यादा होय. तार छेडल्याच्या क्षणाचे शिखर आणि त्यानंतरचा सरासरी नाद यांत १५ ते २० डेसिबलचे अंतर पडते, आणि आवाज फाटू नये म्हणून यंत्रातील ध्वनी बसविताना कमाल पातळीच्या आणखी खालीच ठेवलेले असतात. सरासरी आवाज सत्तरीच्या घरात येऊन ठेपतो. त्यावर पंखा, पावसाळ्यात पत्र्यावरची धार, आणि जुहूच्या डोक्यावरून जाणारी विमाने. यंत्र बिघडलेले नव्हते आणि हेडफोनही नव्हते.

केवळ मोठा आवाज पाहिजे तर १६ ओहमचे इअरफोन लावावेत, असे कोणी म्हणेल. येथे दुसरी अडचण उभी राहते. हेडफोनचा अडथळा सर्व सुरांना सारखा नसतो. खर्जाच्या एका टप्प्यावर तो वाढतो. समजा, ३२ ओहमचा हेडफोन त्या टप्प्यावर ६४ ओहमचा होतो. यंत्राचा अडथळा ४ ओहम असेल तर त्या सुरांचा आवाज अर्ध्या डेसिबलने फुगेल, जो जाणवणार नाही. तोच अडथळा ४७ ओहम असेल तर फुगवटा ३ डेसिबलचा होईल. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ कंपनांचा; फुगवटा बहुधा तिच्याच आसपास येतो. वादकाला वाटते आपला खर्ज फार झाला, तो यंत्रावर खर्ज कमी करतो, आणि कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर तोच ध्वनी पोकळ वाजतो. म्हणून जाणकारांचा एक ठोकताळा आहे : हेडफोनचा इम्पिडन्स यंत्राच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान आठपट असावा. ११ ची आठपट ८८. म्हणजे या यंत्राला ८० ओहमच्या जवळपासचा हेडफोन योग्य. त्याला जोरही पुरतो आणि सूरही जागेवर राहतात.

बाजारात अशी विविधता आहे, हे आपल्याकडील पालकांना फारसे ठाऊक नसते. बेयरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहमांत मिळतो. बाहेरून तिन्ही जवळजवळ सारखे. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ चा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ चा. किमतीवरून वा नावावरून जोड ठरत नाही.

हेडफोन घेण्याआधी तपासावयाच्या दोन गोष्टी विनामूल्य आहेत. पहिली, प्रोसेसरमधील कॅबिनेटचा परिणाम चालू आहे की नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० कंपनांच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर सोडत नाही. तो परिणाम बंद असेल तर हेडफोनमध्ये गिटार माशी घोंगावल्यासारखी कर्कश वाजते आणि दोष निष्कारण हेडफोनला लागतो. दुसरी, पिन. हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, गिटारच्या वायरीवर एकच. ३.५ मिलिमीटरची पिन मोठ्या छिद्रात बसविताना एका रेघेचा अॅडॉप्टर वापरला की आवाज एकाच कानात येतो. बिनतारी हेडफोनांचा मोह तर टाळावाच. ब्लूटूथने आवाज पोहोचावयास सहज १५० मिलिसेकंद लागू शकतात. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे ५० मीटर जातो. गिटार हातात आणि तिचा सूर पन्नास मीटरवरून, अशा स्थितीत लय सांभाळणे अशक्य होय.

खुले आणि बंद असेही हेडफोनचे दोन प्रकार आहेत. खुल्यांचा नाद मोकळा असतो, पण तो बाहेर झिरपतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. एका खोलीच्या घराला व वसतिगृहाला बंद प्रकारच योग्य. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही, आणि कानांचे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

या ठिकाणी प्रत्येक पालकाने थांबून वाचावे. त्या दिवशी प्रोसेसरचे बटण शेवटच्या टोकाला होते, कारण २५० ओहमचे हेडफोन त्याच्याशिवाय ऐकूच येत नव्हते. त्याच अवस्थेत कोणी १०५ डेसिबल संवेदनशीलतेचे १६ ओहमचे इअरफोन लावून तार छेडली असती, तर कानावर ११९ डेसिबलपर्यंतचा आघात झाला असता. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते, असे कामगारांच्या आरोग्यासंबंधीचे एक प्रमाण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वैयक्तिक श्रवणासाठी प्रौढांना आठवड्यात ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना तेवढाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आम्ही त्याला एकच सवय लावून घेण्यास सांगितले : हेडफोन बदलण्यापूर्वी बटण शून्यावर, मग हेडफोन कानावर, मग हळूहळू वर. समोरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकूच येईनासे झाले, तर आवाज खाली.

त्याची आई शेजारीच बसून हे सारे ऐकत होती. तिने विचारले, "सर, दिलेली वस्तू परत करावी लागेल का? त्यांना वाईट वाटेल." आम्ही म्हणालो, "ताई, वस्तू उत्तम आहे, तिला तिच्या जोडीचे यंत्र हवे एवढेच." त्या गृहस्थांना विचारून मुलाने ते हेडफोन विद्यालयाच्या संगीत कक्षाला दिले. आपल्या मोठ्या मिक्सरचे हेडफोनचे छिद्र जास्त दाब देते, आणि तेथे ते हेडफोन आज सुरेख वाजतात. त्याने स्वतःसाठी ८० ओहमचे बंद हेडफोन जुन्या बाजारातून घेतले. अॅम्प्लिफायरचा खर्च वाचला. आता तो रात्री बटण निम्म्यावर ठेवून वाजवितो, आणि आई म्हणते की तिला फक्त तारांवर बोटे फिरल्याची चाहूल लागते.

वसतिगृहात आता रात्रीच्या सरावासाठी एक प्रोसेसर आणि चार हेडफोन अशी सोय करावयाची आहे. तेथे हा हिशेब अधिक काटेकोर लागेल. एका छिद्राला दुहेरी जोडणी लावून दोन मुलांनी ३२ ओहमचे हेडफोन लावले की यंत्रापुढील भार १६ ओहमचा होतो आणि दोघांचाही आवाज खाली येतो. एकाचा ३२ ओहमचा व दुसऱ्याचा २५० चा असेल, तर संवेदनशीलता सारखी असूनही पहिल्याला सुमारे ९ डेसिबल जास्त ऐकू येते. दुसरा "ऐकू येत नाही" म्हणून बटण वाढवील आणि पहिल्याचे कान दुखावतील. आणि वर्गातल्याप्रमाणे, ज्याचे कान दुखतात तो मुलगा बहुधा बोलत नाही. म्हणून चारही हेडफोन एकाच प्रकारचे आणि चार स्वतंत्र छिद्रे असलेला वितरक, अशी मागणी आम्ही व्यवस्थापनाकडे नोंदविली आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. आपण प्रेमाने पाठविता त्या वस्तूंचे मोल आम्ही जाणतो. हेडफोन पाठवावयाचे ठरविले, तर खोक्यावरील ओहम आणि संवेदनशीलता हे दोन आकडे व हेडफोन बंद आहेत की खुले, हे आधी कळवावे. वसतिगृहाच्या प्रोसेसरसाठी ६० ते ८० ओहमचे, बंद आणि तारेचे हेडफोन हवे आहेत. नवेच असले पाहिजेत असे नाही. रात्री दहा ते अकरा ही वेळ सरावासाठी ठरली असून यंदा सात मुलांनी नावे नोंदविली आहेत.